कोरी प्लेट

योगिनीच्या, आपल्या जुन्या विद्यार्थिनीच्या पत्राला हिम्मतरावांनी उत्तर दिलं नव्हतं. पत्र दिवाळीत आलं होतं आणि आता उन्हाळा लागला होता. सोबत तळ्याच्या पाण्याची बाटली होती. 'सर, शहराबाहेरच्या या तळ्याकाठी माझा दवाखाना आहे. मुलांचा ताप कुठल्याच औषधाला दाद देत नाही. वरच्या अंगाला औषधांचा नवा कारखाना झालाय, त्याचं सांडपाणी तळ्यात उतरतं. पाण्यात दोष आहे का? हो किंवा नाही, एवढंच लिहा. तुमच्या शब्दावर मी भांडेन.'

त्या शेवटच्या वाक्याची त्यांना धास्ती वाटे. कारखान्याचा माल परदेशी जात होता, पेपरात फोटो येत होते. हिम्मतराव जिथे जंतूंवर संशोधन करत, त्या संस्थेची नवी इमारतही त्याच पैशातून उभी राहत होती. डायरेक्टर हसत म्हणाले होते, "पुरावा पक्का नसेल तर आपण गप्प बसलेलं बरं, हिम्मतराव."

आणि पुरावा पक्का होईना. पद्धत साधी होती. जंतू वाढवायच्या, औषध मिसळलेल्या दोन काचेच्या प्लेटा. एकीवर तळ्याचं पाणी, दुसरीवर स्वच्छ पाणी. औषधाला न जुमानणारे जंतूच त्यावर वाढतात, म्हणून स्वच्छ पाण्याची प्लेट कोरी राहिली पाहिजे. त्यासाठी लॅबचं डिस्टिल्ड पाणी त्यांना चालत नसे. जिवंत पाण्याची तुलना जिवंत पाण्याशीच करायची, हा त्यांचा जुना नियम. तरुणपणापासून ते निर्जंतुक बाटलीत काचीगुड्याच्या घरचं पाणी भरून आणत. पण हल्ली दर वेळी तळ्याच्या प्लेटेवर जंतूंचे ठिपके उठत आणि घरच्या प्लेटेवरही. म्हणजे प्रयोग बाद.

आपला हात आता थरथरतो, कुठेतरी जंतू सांडतात, असं त्यांनी मनाशी ठरवून टाकलं. आयुष्यभर जंतूंत काढलं आणि अखेर हातच फितूर झाले. ही गोष्ट कुणाला कळू नये, म्हणून दार लावून ते प्लेटा जाळायला टाकत.

घरी पत्नीचा, भामाबाईंचा ताप उतरत नव्हता. "अहो, ह्या गोळ्यापण बेकार निघाल्या जी," त्या म्हणत. "डॉक्टर नुसता परेशान होऊन चिठ्ठी बदलतो." हिम्मतराव त्यांच्या कपाळावर हात ठेवत आणि तो थरथरतोय का, हे बघत.

शेवटी लाज गिळून त्यांनी श्रुतीला, लॅबमधल्या आपल्या तरुण सहाय्यिकेला, तोच प्रयोग करायला सांगितला. तिने आपल्या घरच्या नळाचं पाणी आणून तिसरी प्लेट वाढवली. दोन दिवसांनी ती तिन्ही प्लेटा घेऊन आली. तळ्याची भरलेली. तिच्या नळाची कोरी. हिम्मतरावांच्या घरची भरलेली.

"सर, हात माझे होते," ती हळूच म्हणाली. "तुमच्या घरी पाणी कुठून येतं?"

"विहिरीचं." मग ते थबकले. विहीर आटून दोन वर्षं झाली होती. त्यांनी बाटली भरायची सवय सोडली नव्हती, पाणी मात्र बदललं होतं. "टँकरचं," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी टँकर आला, तेव्हा ते चपला न घालताच खाली उतरले. पाइप हौदात सोडला होता. वरच्या खिडकीतून भामाबाईंचा खोकला ऐकू येत होता.

"भाई, ये पानी किधर का?"

"एकदम मीठा पानी है साब," ड्रायव्हर म्हणाला. "शहर के बाहर तालाब नै क्या, वो डॉक्टरनी का दवाखाना है उधर? उसके बाजू का बोर."

हिम्मतरावांनी वाकून पाइप हौदातून ओढून काढला. पाणी रस्त्याने वाहू लागलं. ड्रायव्हर ओरडत राहिला.

त्या दुपारी आबिड्सच्या पोस्टात त्यांनी संस्थेचा छापील कागद काढला. हात खरोखरच थरथरत होता. तिन्ही प्लेटांचे निकाल लिहिले, खाली पूर्ण नाव आणि हुद्दा घातला. पाकीट चिकटवण्याआधी एक ओळ वाढवली आणि पत्र पेटीत टाकलं.

'योगिनी, हो. तुझं तळं दोन वर्षं आम्हीही पितोय.'