बाटलीचा मोजा
गावाहून मी नि लेक जयपूरच्या क्वार्टरमध्ये परतलो, तेव्हा ह्यांचा मनीप्लांट मेल्यात जमा होता. खिडकीतून उन्हाळ्याचं ऊन थेट काचेच्या बाटलीवर पडून पाणी शेवाळलेलं, मुळं कुजलेली, पान उरलेलं एकच. हे सीमेवर जाताना एवढंच म्हणाले होते, "पोरीला आणि वेलीला जप." आता काय तोंड दाखवू? कुजकं सगळं छाटलं, बाटली घासून ताजं पाणी भरलं. "आई, मॅडम बोलल्या, मुळांना अंधेरा पाहिजे," लेक म्हणाली. मग कपाट उपसून ह्यांचा हिरवा लोकरीचा मोजा शोधला. जोडीतला दुसरा कधीचाच गायब होता. सापडलेला हा एकच बाटलीला चढवला. "बाटलीला थंडी वाजते!" लेक खिदळली. रोज मोजा खाली करून दोघी डोकावायचो. एका सकाळी दिसलं, पांढरंशुभ्र मूळ, शेवईसारखं! त्या आनंदात मी शिरा केला. दिवाळीला हे सुट्टीवर आले, ते बूट न काढताच खिडकीपाशी गेले. वेल पडद्याच्या दांडीवर चढली होती. मोज्याकडे बघून हे एवढ्या जोरात हसले की शेजारीण डोकावून गेली. "अगं, हा इथे होय!" म्हणत त्यांनी सॅकमधून जपून एक बाटली काढली. जाताना माझ्या नकळत नेलेली आमच्याच वेलीची फांदी तिच्यात चार पानं मिरवत होती. आणि तिकडच्या थंडीत पाणी गोठू नये म्हणून त्या बाटलीला ह्यांनी घातला होता दुसरा मोजा.