कॅलिपरची चिमणी

वीज गेली, एसी बंद पडला आणि शिल्पकार नलिनीने घडवलेल्या धातूच्या चिमणीचे पंख आपोआप वळू लागले. जळगावचा मे महिना होता. या नव्या धातूचं काहीही घडवा, अंगाइतकी ऊब लागली की तो मूळ आकारात परत जायचा. मूळचा तो तिच्या मुलीच्या, बिट्टूच्या, पायाला आधार देणारा पट्ट्यांचा कॅलिपर होता.

बिट्टू गेल्यापासून तो आकार डोळ्यांसमोर नको म्हणून नलिनीने त्याचा मासा केला, मग फूल, आता चिमणी.

“जित्याची खोड...” म्हणता म्हणता तिच्या नवऱ्याने, मुरलीधरने, जीभ चावली. मग हळूच म्हणाला, “भट्टीत टाक, नलू. वितळला की सगळं विसरेल.”

“कायमचं?”

“कायमचं.”

भट्टी पेटली. नलिनीने चिमणी चिमट्यात धरली, पण हात पुढे जाईना.

“दुसरं काहीतरी करा ना हो! काहीही करा!” ती किंचाळली आणि तिने चिमणी उराशी कवटाळली.

त्या उबेने चोच आत गेली, पंखांचे पट्टे झाले. पट्टे गोल वळले आणि घट्ट मिटले, आत पाय असल्यासारखे.