चार सेकंदांचा नमस्कार

"दोष आहे असं कोण म्हणतं?" नीलकंठअण्णांनी विचारलं. "अ‍ॅक्सिलरेटर दाबला की गाडी चार सेकंद नुसती सरकते, मग सुटते. तेवढ्यात माझा गणपतीचा श्लोक होतो. छान सोय आहे."

श्रीकृष्णने कपाळावर हात मारला. हाताला ग्रीस होतं.

"अण्णा, सोय नाही, त्याला टर्बो लॅग म्हणतात. इंजिनाच्या धुराने पंखा फिरणार, पंखा इंजिनात हवा कोंबणार, तेव्हा कुठे जोर येणार. आठ महिन्यांपूर्वी मीच हौसेने तुमच्या गाडीला मोठा टर्बो बसवला. तो फिरायलाच वेळ घेतो. इथे लक्ष्मी गेटला दबाओ, साठ किलोमीटर दूर मऊरानीपुर में चलेगी."

"रेल्वेत आमच्या फायली अशाच चालायच्या," अण्णा म्हणाले. "कुणी तक्रार केली नाही."

"आता नाही होणार तसं. टर्बो लहान लावला, पाईप आखूड केले, एक फुटका होता तो बदलला, ट्यूनिंग पहिल्यापासून केलं. लॅग गेला."

"ते मी चालवून ठरवीन. गेला असेल तर खोली तुझी. नसेल तर विश्वंभरजींची."

खोली समोरच दिसत होती. गल्ली सरळ येते, अण्णांच्या घराला भिडते आणि नाइलाजाने उजवीकडे वळते. त्या वळणावर, घराच्याच तळमजल्याला, शटरची खोली. शटरवर पाटी होती: दुकान किराए पर देना है. श्रीकृष्णला तिथे गाड्या ट्यून करायचं गॅरेज काढायचं होतं. नोकरीच्या तीन परीक्षा तो नापास झाला होता आणि चौथीचा फॉर्म भरायचा विसरला होता, त्यामुळे ही खोली गेली तर सांगण्यासारखं काही उरत नव्हतं. विश्वंभर हलवायाला तिथे मिठाईचं दुकान हवं होतं. तो पेढ्यांचा डबा घेऊन सकाळीच आला होता आणि आत्ता वरच्या गॅलरीत अण्णांच्या पत्नी शारदाबाईंच्या हातचा चहा पीत निकालाची वाट पाहत होता.

गाडी गल्लीच्या दुसऱ्या टोकाला उभी होती. अण्णा बसले. चष्मा पुसला. पट्टा लावला. डॅशबोर्डवरचा गणपती तसूभर डावीकडे सरकला होता, तो मध्ये घेतला. शेजारी श्रीकृष्ण मोबाइलवर सेकंद मोजायला तयार होऊन बसला.

"अण्णा, जरा आराम से हं. पहिल्यासारखी नाही आता."

"तू मला गाडी शिकवू नकोस. माझी पद्धत ठरलेली आहे."

पद्धत ठरलेली होती. पहिला गिअर. अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत. क्लच सोडला. आणि मग, रोजच्यासारखे, अण्णांनी स्टिअरिंगवरचे दोन्ही हात काढले, गणपतीला जोडले आणि डोळे मिटून श्लोक सुरू केला.

श्रीकृष्णने हे आठ महिने रोज पाहिलं होतं. तो त्याला देवधर्म समजत होता. हे ड्रायव्हिंग आहे, हे त्याला आत्ता कळलं.

गाडी सरकली नाही. गाडी गेली. श्रीकृष्णची पाठ सीटला चिकटली. उजवीकडून एक स्कूटर मागे गेली. पापडांची खाट मागे गेली. ओट्यावरच्या एका शेळीने मान वळवून पाहिलं, तोवर तीही मागे गेली. हँडब्रेक हाताला लागला, त्याने ओढला, आणि शटर आलं.

आवाज बराच वेळ चालला. शटर एकदम पडत नाही, पट्टीपट्टीने पडतं.

मग काहीच नाही. बॉनेटमधून वाफ निघत होती. गाडी पूर्ण खोलीत आली होती. समोरची भिंत वीतभर अंतरावर होती. गणपती जागेवर होता. मोबाइलवर सेकंद अजून पळत होते. अण्णांचे हात जोडलेलेच होते, डोळे मिटलेलेच. श्लोकाचा शेवटचा चरण राहिला होता, तो त्यांनी पुरा केला.

वरून विश्वंभरचा आवाज आला, "दद्दा, जे का हो गओ?"

"अहो," शारदाबाईंचा आवाज त्याच्यामागून आला, अगदी बारीक. "आहात ना?"

अण्णांनी डोळे उघडले. भिंतीकडे पाहिलं. डावीकडची भिंत पाहिली, उजवीकडची पाहिली, वर छताकडे पाहिलं. स्वतःचे हात पाहिले.

"आहे," ते म्हणाले. "श्रीकृष्णही आहे."

श्रीकृष्णने मान हलवली. ती बराच वेळ हलत राहिली.

"लॅग," अण्णा म्हणाले आणि थांबले. "लॅग गेलाय."

"हो अण्णा."

"खोली तुझी."

समोरच्या काचेवर पाटी येऊन पडली होती. आतून अक्षरं दिसत नव्हती, नुसता मागचा गंजका पत्रा दिसत होता. ती बाजूला सारायला अण्णांनी वायपरचं बटण दाबलं. दोघं वाट पाहत बसले. एक. दोन. तीन. चौथ्या सेकंदाला वायपर किरकिरला, उचलला गेला, आणि त्याने पाटी हळूच खाली ढकलली.

"हे तेवढं बघून घे," अण्णा म्हणाले. "आता दुकान आहे तुझं."