माशाचं डोकं

पर्यटकांचं जहाज लिमोन बंदराच्या धक्क्याला लागलं की ऑल्डनला डेकवरून स्वतःच्या घराचं पत्र्याचं छप्पर दिसायचं, पण जहाजावरच्या कामगारांना बंदराच्या फाटकाबाहेर सोडत नसत. या वेळी त्याने पर्यटकांच्या बसमध्ये पाण्याच्या बाटल्या वाहायचं काम मागून घेतलं. त्या सहलीत गावातल्या एका घरी जेवण होतं आणि ते घर त्याच्या आईचं, मिस लेटाचं होतं. साहेबाला हे कळलं असतं तर नोकरीच गेली असती.

"वाळलास रे," दारात ती पुटपुटली.

"बाई, हात कुठे धुवायचे?" त्याने मोठ्याने विचारलं.

"मागच्या नळावर." मग हळूच, "जसं काही माहीतच नाही मेल्याला!"

तिने पाहुण्यांना नारळाच्या दुधातला भात आणि माशाच्या तुकड्या वाढल्या. ज्यासाठी तो लहानपणी भावंडांशी भांडायचा, ते डोकं तिने ऑल्डनच्या ताटात ठेवलं. तो खाली मान घालून जेवला.

परतीच्या बसमध्ये एक पर्यटक बाई धुसफुसत होत्या.



"आपल्याला तुकड्या आणि या बिचाऱ्याला डोकं! पोटच्या पोराला वाढलं असतं का हिने?"