अर्ध्यावर थांबलेलं गाऱ्हाणं

गुणाजींनी देव्हाऱ्यापुढे नारळ ठेवला आणि घसा खाकरला. देवाला गाऱ्हाणं घातलं की बोरिवलीच्या कॉलेजात जायचं आणि लेकीचा, श्रुतिकाचा एमबीएचा प्रवेश पक्का करायचा. कॉलेज यथातथाच होतं, पण हातात होतं.

चांगलं कॉलेज श्रुतिकाला थोडक्यात हुकलं होतं. पुन्हा प्रवेशपरीक्षा द्यावी का, या विचाराने तिने आठवडाभर डोक्याचा भुगा करून घेतला होता. गेल्या वेळी गणिताच्या भागात तिचे हातपायच गळाले होते. परत तसंच झालं तर वर्ष जाईल आणि हे कॉलेजही. गुणाजींनी तर कांदिवलीतल्या अख्ख्या बिल्डिंगला सांगून टाकलं होतं, "पोरगी घाबरलीय परीक्षेला. नको तिच्या जिवाला घोर." तिलाही ते पटत आलं होतं. निर्णय परस्पर झाला तर बरंच, असं वाटायला लागलं होतं.

"बा देवा म्हाराजा," गुणाजी सुरू झाले. सगळा जन्म मुंबईत गेला, तरी देवाशी ते मालवणीतच बोलत. "लेकराक कॉलेज गावला हा. ता तिका लाभू दे. परत परीक्षेचो ताप तिच्या माथ्यार नको, रे म्हाराजा!"

यावर घरातल्या सगळ्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं असतं. एकानेही गाळलं तर मागणं देवापर्यंत पोचत नाही, असं गुणाजींचं ठाम मत. श्रुतिकाची आई प्रेमा म्हणाली. कामावर निघालेला मोठा भाऊ सुयोगही म्हणाला. श्रुतिकाने तोंड उघडलं. लहानपणापासून झोपेतही म्हणत आलेले दोन शब्द, पण आज काही केल्या बाहेर पडेनात.

सगळे तिच्याकडे बघू लागले. तिचा स्वतःवरच विश्वास बसेना. आठवडाभराचा घोळ असा उभ्या उभ्या सुटला होता. तिला एकदम हलकं वाटलं.

"पप्पा, मी नाही म्हणणार. मला परत बसायचंय."

"आणि परत हातपाय गळाले तर?"

"गळू देत ना. या वेळी माहीत तरी आहे, कसं वाटतं ते."

गुणाजींनी देव्हाऱ्यापुढचा नारळ सरळ केला. मग त्यांनी पुन्हा हात जोडले. बिल्डिंगमध्ये काहीही सांगितलं, तरी देवापुढे खोटं बोलायची त्यांना सवय नव्हती.

"बा देवा म्हाराजा, मगाशी मागलंय ता परत घेतंय. परीक्षेक पोर भियाक नाय. मीच भियालंय. तेवढा माझा भ्या घालव, अभ्यास ती करतली."