भोंग्यावरचं बोलावणं

आरोग्यवाल्यांनी भोंग्यावर पुकारलं, "ज्याच्या डोक्यात बिघाड असंन त्यानं शाळेत यावं, डॉक्टर आले." शिकलेल्यांची अक्कल ही एवढी! कोण जाते ते पाहाले सारं गाव पानठेल्यावर जमलं, रिकामटेकडं मेलं. मी माझ्या इंद्रजितले म्हटलं, "मले धरून ने." अन् त्यांच्या तोंडापुढूनच मी वरडत गेली, "पाहून घ्या रे, चंद्रभागा पागल झाली!" सारे खिदळले.

डॉक्टरनं विचारलं, "आजी, झोप येते का?"

"पयले दार लावा. मले मस्त झोप येते. बोंडअळीनं कपाशी खाल्ली, तवापासून हा माझा पोरगा झोपला नाही. लोक पागल म्हणतीन म्हणून येत नव्हता. आता बाहेर नाव झालं ते माझं. विचारा त्याले."