एका हाताने उघडणारं

"हे नको. याचं पातं काढायला नख लागतं," तो म्हणाला आणि घडीचं मल्टिटूल त्याने परत काचेवर ठेवलं.

दुकानदार बोलण्यात पटाईत होता. पक्कड, पातं, कात्री, स्क्रू ड्रायव्हर, कानस, सगळं कसं एका मुठीत मावतं, हे तो पाठ केल्यासारखं सांगत सुटला होता. "एका हाताने मूठ धरायची आणि दुसऱ्या हाताने..." इथे त्याची नजर गिऱ्हाइकाच्या डाव्या बाहीकडे गेली. बाही मनगटापाशी दुमडून तिला पिन लावलेली होती. दुकानदाराची गाडी तिथेच अडली. मग तो खाली वाकला आणि मागच्या खणातून एक जरा जाडजूड मल्टिटूल काढून त्याने पुढे केलं.

याचं पातं बाहेरच्या बाजूला होतं. त्याला बोट बसेल एवढं भोक. अंगठ्याने ढकललं की ते सर्रकन फिरायचं आणि खट्‌ करून बसायचं. मिटायला खटका दाबून पातं मांडीवर टेकवावं लागायचं, एवढंच. पक्कड स्प्रिंगची होती. मूठ सैल सोडली की आपोआप तोंड उघडायची. वजन खिसा लोंबेल इतकं होतं. पण त्याने ते एकदा उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मागे उभे असलेले लोक चुळबुळ करायला लागले तेव्हा कुठे तो म्हणाला, "हेच द्या."

लिफ्ट दुरुस्त करण्यात त्याचं निम्मं आयुष्य गेलं होतं. गेल्या वर्षी दोर आणि चाक यांच्यामध्ये हात सापडला. कंपनीने त्याला तक्रारींच्या फोनवर बसवलं. तिथे सगळे त्याच्याशी जपून वागत.

घरीही तेच. त्याची बायको इतकी गोड वागायला लागली होती, की तिची स्वतःची आईसुद्धा चकित झाली. एरवी तिचं तोंड सगळ्या जिन्याला माहीत होतं. ओला टॉवेल पलंगावर पडला, कपाटाचं दार उघडं राहिलं, की ती त्याला फैलावर घ्यायची. तो "हो, हो" करत वर्तमानपत्रात डोकं खुपसायचा. आता टॉवेल तीच मुकाट्याने उचलायची. त्याच्या शर्टाची बटणं लावायची. त्याने कशालाही हात घातला की म्हणायची, "राहू द्या, मी करते." तेही हळू आवाजात, आजाऱ्याच्या खोलीत बोलतात तसं.

नवं मल्टिटूल खिशात टाकून तो घरभर काम शोधत हिंडायला लागला. खुर्चीचा डुगडुगणारा पाय आवळला. खणाची निखळलेली मूठ बसवली. बायकोचा चष्मा गुडघ्यांत धरून त्याच्या काडीचा मुंगीएवढा स्क्रू पिळला. त्या चष्म्यापायी तो घामाघूम झाला, पण काडी बसली.

"वा, किती छान केलंत," ती म्हणाली. बालवाडीतल्या बाई चित्र बघून म्हणतात, अगदी तसं.

"त्यात काय," तो म्हणाला आणि गॅलरीत जाऊन उभा राहिला. खिशात हात घालून पात्यावरून अंगठा फिरवत राहिला. काम जमलं होतं, तरी आत काहीतरी रितंच होतं. काय हवंय असं कुणी विचारलं असतं, तर त्याला धड सांगताही आलं नसतं.

मग एका सुट्टीच्या सकाळी शिंप्याकडून पडद्यांचं पार्सल आलं. बाहेरच्या खोलीसाठी निळे पडदे. मनासारखा निळा मिळेपर्यंत बायकोने बाजार पालथा घातला होता. ती अंघोळीला गेली होती. येईपर्यंत आपणच उघडून ठेवावं, म्हणून त्याने पार्सल टेबलावर घेतलं, डाव्या कोपराने दाबून धरलं, अंगठ्याने पातं उघडलं आणि एका झटक्यात ओढलं. चिकटपट्टी कापली गेली. कागद कापला गेला. आणि आतला पडदाही वीतभर, घडीच्या आरपार.

ती केसांना टॉवेल गुंडाळून बाहेर आली. "हे काय?"

"पडदा," तो म्हणाला.

"पडदा आहे ते मलाही दिसतंय. अहो, पार्सल उघडायचं होतं की लाकडं फोडायची होती? मी येईपर्यंत धीर नव्हता? कोण पळून चाललं होतं, पडदा की मी? या निळ्यासाठी पायांचे तुकडे पडले माझ्या. कधी म्हणून या माणसाचं एक काम सरळ नाही. मेली घाई कसली ती? जरा दोन्ही हातांनी नीट धरून..."

ती थांबली. टॉवेल सुटून खांद्यावर घसरला, तो तिने सावरलाही नाही. तिचा चेहरा पार उतरला.

"चुकले हो," ती म्हणाली. आवाज पुन्हा तसाच, हळू. "राहू द्या. मी देते शिवून."

तो तिच्याकडे बघत होता. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्याने ते पुसले नाहीत. त्याने खुर्ची ओढली आणि तिच्यासमोर नीट बसला.

"थांबू नकोस गं," तो म्हणाला. "पातं अजून उघडंच टाकलंय मी टेबलावर. त्यावरून बोलायचं राहिलंय तुझं."